‘क्रेब्स सायकल कुठल्या पेशंटला झालीय?’ : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना खुलं पत्र

मुलामुलींनो,

गेल्या महिन्यात तुमच्यासारख्याच एका वर्गापुढं बोलायला मला बोलावलं होतं. नुकतेच मेडिकलला आलेले दीडशे चेहरे, एप्रनच्या घड्यासुद्धा अजून मोडलेल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘सर, चाळीस वर्षांत क्रेब्स सायकल कुठल्या पेशंटला झालेली बघितलीत तुम्ही?’’ क्रेब्स सायकल हा काही आजार नव्हे, पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारं रासायनिक चक्र आहे ते. वर्ग हसला. मीही हसलो. पहिल्या रांगेत बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर प्रॅक्टिकलची वेळ झाली आणि सगळे उठले. प्रश्न तसाच राहिला आणि माझ्याबरोबर एसटीनं घरी आला.

हे पत्र मी आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहायला घेतलं होतं. तक्रारी आहेतच. आम्ही १९७८ साली प्रवेश घेतला तेव्हा पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं होतं. १९९७च्या नियमांनी ते वर्षाचं केलं. माणसाच्या शरीरातलं मात्र काही कमी झालं नाही. बायोकेमिस्ट्री तर तेव्हापासून दुपटीनं फुगली असेल. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी मुलांना पेशंट दाखवा असं लिहिलंय, आणि ती कल्पना खरोखर चांगली आहे. पण मी जिथं जिथं बघितलं तिथं हा पेशंट बहुतेक वेळा स्लाइडवरच भेटतो. असं दोन पानं लिहून झाल्यावर कागद बाजूला ठेवला. आयोगाकडं पत्रं पुष्कळ जातात. शिवाय ज्यानं प्रश्न विचारला तो काही आयोगात बसत नाही, तो तुमच्यात बसतो.

तुम्हाला पहिल्या आठवड्यात सीनियर्सनी एक सल्ला दिला असेल : ‘‘फर्स्ट एमबी एकदाचं ओकून टाका, खरं मेडिसिन पुढंच आहे.’’ हाच सल्ला याच शब्दांत मला १९७८ साली मिळाला होता आणि मी तो तंतोतंत पाळला. निकाल लागला त्या रात्री आम्ही फिजिऑलॉजीची, म्हणजे शरीर चालतं कसं या विषयाची, जर्नल्स ज्युनियर पोरांच्या गळ्यात मारली आणि सिनेमाला गेलो.

१९८५चा पावसाळा. कोकणातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, मी तिथला एकटा डॉक्टर. पहाटे पाचच्या सुमाराला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आणला. आईबाप लावणीला आलेले मजूर, राहायला शेताच्या कडेची खोपी, सगळे जमिनीवर निजलेले. ‘‘मध्यरात्रीपासून पोटात कळा येतायत,’’ बाप म्हणाला. एक उलटी झालेली. ताप नाही, जुलाब नाहीत. पोट दाबून बघितलं, मऊ होतं. मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर निजवायला सांगितलं. तासाभरानं आई आत डोकावून म्हणाली, ‘‘आता डोळे मिटतायत त्याचे, निजायला लागला.’’ मला बरं वाटलं. इंजेक्शन लागू पडलं, मी चहा मागवला.

साडेसातला सिस्टर आल्या. त्या त्याला उठवायला गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली, ‘‘डॉक्टर, हा मान धरत नाही.’’ मी धावलो. बोटांनी त्याच्या पापण्या उचलल्या, तर आतून तो माझ्याकडं बघत होता. पोरगं जागं होतं. झोप वगैरे काही नव्हती, पापण्या उचलायची ताकद गेली होती.

मण्यार चावला होता. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावतो. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज येत नाही, बऱ्याचदा चावलेलं कळतही नाही. पहिली तक्रार बऱ्याचदा पोटदुखीची असते. हातानं दाबून श्वास द्यायच्या आमच्या अँबू बॅगचं रबर चिकटून बसलं होतं. जीपमध्ये मी तोंडानं श्वास देत राहिलो. वाटेतला पूल पाण्याखाली गेला होता. जिल्ह्याच्या गावी पोचलो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला मण्यार माहीत नव्हता असं नाही. नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा प्रश्न मी फिजिऑलॉजीच्या पेपरात लिहिला होता, आकृतीसकट, चांगले मार्क मिळाले होते. नसेच्या टोकाला असिटिलकोलिनच्या इवल्या पिशव्या असतात. वरून हुकूम आला की त्या फुटतात, रसायन मधली फट ओलांडून स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेला, चिकटतं आणि स्नायू आखडतो. नागाचं विष हा रिसेप्टर अडवून बसतं. मण्याराचं मुख्य विष फटीच्या अलीकडं, नसेच्या टोकातच शिरतं, पिशव्या रिकाम्या करतं आणि टोकच निकामी करून टाकतं. म्हणून नाग चावलेल्या माणसाला निओस्टिग्मिन देऊन फटीतलं असिटिलकोलिन वाढवलं तर मिटलेल्या पापण्या बऱ्याचदा उघडतात. मण्याराच्या रुग्णाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण सोडायला नसेकडं काही शिल्लकच नसतं. एकदा टोक मेलं की एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, कितीही ओतलं तरी ते परत येत नाही. नवं टोक फुटेपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, यंत्रानं श्वास देत बसावं लागतं. पहिला मार बसतो तो पापणी उचलणाऱ्या आणि डोळा फिरवणाऱ्या छोट्या स्नायूंना. मग गिळणं जातं, मान जाते, शेवटी श्वास. विषाचा रोख मेंदूवर नसल्यामुळं माणसाला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं.

यातली एक ओळ त्या पहाटे आठवली असती तर ‘निजायला लागला’ हे ऐकून मी चहा मागवला नसता. ‘वर बघ रे बाळा’ एवढंच म्हटलं असतं. चार सेकंदांची तपासणी आहे ती.

त्यानंतर मी जुनी जर्नल्स परत शोधली. मिळाली नाहीत, तेव्हा पुस्तकं विकत घेतली आणि केंद्रातल्या कंदिलापुढं पहिलं एमबीबीएस दुसऱ्यांदा केलं. या वेळी परीक्षा नव्हती म्हणून वेळ जास्त लागला.

सापाचं आणखी एक सांगतो, कारण ते अजून चालू आहे. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. ते संपलेत का हे बघायला यंत्र लागत नाही. शिरेतलं दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब तिरकी करायची. रक्त ओघळलं तर गोठण बिघडली, एएसव्ही सुरू करायचं. सोपी चाचणी आहे. आणि ती प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये केलेली मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलीय. एका ठिकाणी ट्यूब काचेची होती, पण साबणानं घासून पुन्हा वापरलेली. रक्त गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर जागा होतो. प्लास्टिकला तो तसा दाद देत नाही, आणि साबणाचा थर राहिलेल्या काचेलाही देत नाही. म्हणजे धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा वीस मिनिटांनी पातळच राहू शकतं. मग त्याला नको असलेलं एएसव्ही मिळतं, आणि एएसव्ही हे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध, त्याची रिॲक्शन कधी कधी विषापेक्षा भारी पडते. चाचणी करणाऱ्या पोराला मी विचारलं, काच कशाला म्हणतात रे? तो म्हणाला, ‘‘प्रोटोकॉलमध्ये आहे सर, पण काचेच्या संपल्यात.’’ बारावा घटक त्याला पाठ होता, साखळी घडाघडा म्हणून दाखवली त्यानं मला.

आमच्या कोकणात हे उलट्या बाजूनंही घडलेलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमाराला महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावून माणसं मरत होती आणि ती का मरतात हे कुणी नीट बघितलेलं नव्हतं. ते रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. उलट्या, घामानं भिजलेलं अंग, बर्फासारखे हातपाय, आधी वाढलेला रक्तदाब, मग धाप, तोंडाला गुलाबी फेस. हे सगळं त्यांनी तासागणिक लिहून काढलं. विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. त्यामुळं ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो, अल्फा रिसेप्टरमुळं रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध ढकलून ढकलून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे एकदा डोळ्यांसमोर उभं राहिलं की औषध आपोआप सुचतं : अल्फा रिसेप्टर बंद करणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी. पण ते डोळ्यांसमोर नसेल तर गार पडलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायला कुणाचा हात धजावेल? त्यांची निरीक्षणं १९८२ साली आणि प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जिथं दर तीन-चार गंभीर रुग्णांमागं एक दगावायचा तिथं मृत्यू शेकड्यात एकाच्या आसपास आले. पद्मश्री मिळायला २०२२ उजाडलं, ती वेगळी गोष्ट. विंचवाचे रुग्ण आम्हीही बघत होतो. आमच्याकडंही स्टेथोस्कोप होता, बीपीचं यंत्र होतं.

आता जरा वेगळं. रुग्ण तुमच्याशी फिजिऑलॉजीच बोलत असतो, फक्त मराठीत बोलतो. केसपेपरवर तुम्ही ‘पेन’ लिहिता आणि त्याचं सगळं बोलणं वाया जातं.

‘ठणका’ म्हणाला की बंद जागेत दाब वाढलाय; आत पू आहे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्या दाबात भर पडते, म्हणून ते ठणकतं. ‘मुरडा’ म्हणाला की पोकळ नळी आखडतेय आणि सुटतेय, लाट येते, जाते, मधे माणूस बरा असतो. ‘उसण भरली, श्वास घेतला की धरते’ म्हणजे बरगडीचे स्नायू किंवा फुप्फुसाचं आवरण. ‘आग होते, मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं’ म्हणजे नस. पंधरा वर्षांची साखर असलेली म्हातारी हे वाक्य जसंच्या तसं म्हणते. आणि छातीचं दुखणं तर कित्येकदा ‘दुखणं’ नसतंच. ‘‘छातीत दुखतं का?’’ विचाराल तर शेतकरी प्रामाणिकपणे ‘‘नाही’’ म्हणेल. ‘‘कसं वाटतं?’’ विचारलंत तर म्हणेल, ‘‘कुणीतरी वर बसल्यागत दडपतंय.’’ रक्त कमी पडलेला हृदयाचा स्नायू असाच बोलतो.

‘चक्कर’ हा शब्द तर सापळाच आहे. चक्कर येते म्हटल्यावर बीपी बघून गोळी लिहू नका. विचारा, घर फिरतं की डोळ्यांपुढं अंधारी येते? घर फिरत असेल तर गडबड कानाच्या आतल्या अर्धगोल नलिकांत किंवा मेंदूच्या मागच्या भागात. उठल्यावर अंधारी येत असेल तर मेंदूला रक्त कमी पोचतंय. पाणी कमी, रक्त कमी, नाहीतर तुम्हीच दिलेली बीपीची गोळी जास्त. एका प्रश्नानं निम्मं पुस्तक मिटतं. तसंच धापेचं. चढावर लागते की आडवं झाल्यावर लागते? रात्री उठून खिडकीशी बसावं लागतं का? आडवं झाल्यावर पायातलं रक्त छातीकडं परततं आणि डाव्या बाजूनं थकलेल्या हृदयाला ते उपसणं जमत नाही. ‘‘हल्ली तीन उशा लागतात,’’ असं एक आजोबा मला गप्पांमध्ये म्हणाले होते, ते आले होते गुडघ्यासाठी.

दुखणं जिथं दाखवतात तिथंच ते असतं असंही नाही. एकदा सव्वीस वर्षांची एक बाई डाव्या खांद्याच्या एक्स-रेची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर खांदा आखडल्याची शंका लिहिलेली. सव्वीसाव्या वर्षी! चेहरा पांढराफटक, नाडी १२०, आणि हात वर केला तर खांदा मस्त फिरत होता. पाळी विचारली. दहा दिवस पुढं गेली होती. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती, पोटात रक्त साचलं होतं. त्या रक्तानं श्वासपटल डिवचलं होतं आणि दुखत होता खांदा. कारण गर्भात श्वासपटल तयार व्हायला लागतं ते मानेपाशी. खाली उतरताना ते आपली नस मानेतून सोबत ओढत आणतं, आणि मेंदूला बिचाऱ्याला अजून जुनाच पत्ता माहीत असतो. एम्ब्रियॉलॉजीला तुम्ही किती शिव्या देता हे मला ठाऊक आहे. आम्हीही द्यायचो. ती बाई त्या दिवशी संध्याकाळी ऑपरेशन होऊन वाचली. अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीपाशी का सुरू होतं आणि मग उजवीकडं खाली का सरकतं, हेही याच हिशेबानं सोडवून बघा. मी सांगत नाही.

आणि ‘गॅस’. आपल्याकडं गॅस आणि ॲसिडिटी या दोन शब्दांखाली किती हार्ट अटॅक घरीच संपले असतील कुणास ठाऊक. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते. ती मेली तर पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, उलटी होते, व्हेगस नावाची नस चाळवून नाडी मंदावते. घाम फुटलेला पन्नाशीचा माणूस ‘‘पोटात गॅस धरलाय’’ म्हणत आला तर आधी ईसीजी, मग सोड्याची पुडी. हे वाक्य तुम्हाला चौथ्या वर्षी पाठ करायला लावतील. आत्ता समजून घेतलंत तर पाठ करावं लागणार नाही.

तुम्ही म्हणाल, सर जुन्या काळातले, आता यंत्रं आहेत. बरं, यंत्रांकडं येऊ. कोविडनंतर घराघरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. हिवाळ्यात, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली मुलगी दार उघडत नाही, दार तोडतात, कॅज्युअल्टीत आणतात. ऑक्सिमीटर ९९ दाखवतं. ऑक्सिजन उत्तम आहे, मग फिट आली असेल, स्कॅनला पाठवा! ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, आणि हिमोग्लोबिन त्यातला किती शोषतं ते मोजतं. बंद जागेत अशा गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि असं चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं. रक्तात विरघळलेला ऑक्सिजनही नेहमीइतकाच असतो, त्यामुळं साध्या ब्लड गॅस चाचणीतला तो आकडाही फसवतो. इथं निदान करतो तो एकच प्रश्न : ‘‘गिझर कुठला होता, आणि घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का?’’ मग मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन, लगेच. एरवी तो वायू निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

टायफॉइडच्या विडाल चाचणीवर मी बोलायला लागलो तर हे पत्र संपणार नाही, म्हणून थोडक्यात. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या बनायला आठवडाभर लागतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल करून ‘टायफॉइड निघाला’ म्हणणं म्हणजे कालच पेरलेल्या शेतातून आज धान्य आणलं म्हणण्यासारखं आहे. ते धान्य मागच्या हंगामाचं असणार. पहिल्या आठवड्यात खरं उत्तर रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्यात, मिळतं, तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलंत तर. तीन महिन्यांच्या साखरेचंही असंच. ती चाचणी तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि ती पेशी १२० दिवस जगते हे गृहीत धरून चालते. लोह कमी असलेल्या बाईत आकडा उगाच वर जाऊ शकतो, आणि नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात म्हणून तो फसवा खाली राहतो. हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय मी तो आकडा वाचत नाही.

आणि एक गणित, जे पहिल्या वर्षात कुणी शिकवत नाही आणि शिकवायला पाहिजे. एक आजार शंभरात एकाला आहे. चाचणी ९५ टक्के बरोबर : आजारी शंभरांतले ९५ पकडते, निरोगी शंभरांतल्या ९५ जणांना सोडून देते. दहा हजार लोकांची चाचणी केली. आजारी १००, त्यातले ९५ सापडले. निरोगी ९,९००, त्यातले ४९५ उगाचच पॉझिटिव्ह आले. एकूण पॉझिटिव्ह ५९०, खरे आजारी ९५. म्हणजे हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रडत आलेल्या सहा जणांपैकी साधारण एकालाच तो आजार आहे. पॅकेजमध्ये पन्नास चाचण्या सवलतीत करून घेणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना हे समजावून बघा. मी बघितलंय, उपयोग झाला नाही. पण त्याच माणसाच्या लक्षणांवरून तुम्हाला आधीच शंका आली असेल, म्हणजे त्याच्यासारख्या शंभरांत पन्नास जणांना तो आजार असेल, तर त्याच चाचणीचा तोच पॉझिटिव्ह निकाल वीसपैकी एकोणीस वेळा खरा ठरतो. चाचणी तीच असते. फरक पडतो तो ती मागवण्याआधी तुम्ही काय विचारलंत यानं.

फोनमध्ये लक्षणं टाकली की आजारांची यादी देणारी साधनं तुमच्याकडं आहेत. वापरा, माझी ना नाही. मीही वापरून बघतो आणि कधी कधी त्यात मला न सुचलेलं नाव असतं. त्या पहाटे माझ्याकडं असं साधन असतं तर मी त्यात काय टाकलं असतं? मुलगा आठ-नऊ वर्षांचा, पोटदुखी, एक उलटी, ताप नाही, पोट मऊ, इंजेक्शननंतर झोप लागली. ‘झोप लागली’ हे मीच लिहिलं असतं.

आता त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला.

बरीच वर्षं झाली. पंचेचाळिशीचा एक माणूस, रोजची दारू, आठवडाभर पोटात अन्न नाही, उलट्या. बायकोनं आणि भावानं रिक्षातून आणला. अशक्तपणा आहे, सलाइन लावा, म्हणून ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या गेल्या. संध्याकाळी राउंडला गेलो तर तो भलतंच बडबडत होता, बायकोला ओळखत नव्हता, उभा केला तर पाय फेंगडे टाकत कोसळायला बघत होता. ‘‘अजून उतरली नाही सर,’’ रेसिडेंट म्हणाला. आठवडाभर ज्याच्या पोटात काही टिकलं नाही त्याची कुठली दारू उतरायची राहिली होती? मी त्याच्या डोळ्यांपुढं बोट धरलं आणि बाजूला नेलं. डोळे बोटामागं गेले नाहीत. जागच्या जागी थरथरले.

ग्लुकोज पेशीत जातं, त्याचं पायरुव्हेट होतं, आणि पायरुव्हेटला तुझ्या त्या क्रेब्सच्या चक्रात शिरायचं तर दारावर थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, लागतं. चक्राच्या आत आणखी एका पायरीवर पुन्हा लागतं. दारुड्याच्या शरीरात थायमिन आधीच तळाला गेलेलं असतं, आणि आपण वरून ग्लुकोज ओततो, म्हणजे उरलंसुरलं तेही खर्चून टाकतो. मेंदूचे काही भाग भरल्या ताटापुढं उपाशी मरायला लागतात. डोळे फिरवणारी केंद्रं त्यात पहिल्यांदा सापडतात.

थायमिनची इंजेक्शनं शिरेतून सुरू केली. स्वस्तातलं औषध, ग्लुकोजच्या आधी द्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बोट धरलं. त्याचे डोळे बोटामागं गेले, डावीकडं, मग उजवीकडं, मग कंटाळून माझ्याकडं बघून म्हणाला, ‘‘चहा मिळंल का?’’

तर कुठल्या पेशंटला, असं विचारलं होतंस ना. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, खिडकीखालची शेवटची खाट.

तुमचा,
एक निवृत्त फिजिशियन